कारणे लेखी द्यावीत

पुण्याहून दौंडकडे निघालेली गाडी यवत सोडून केडगावकडे जाताना मधे खुटबाव हे छोटे स्टेशन लागते. उत्तरेला भीमा आणि तिच्या पलीकडे शिरूर तालुका, दक्षिणेला सुप्या-मोरगावकडचा कोरडवाहू टापू. आज हा भाग ऊस, गुऱ्हाळे आणि कांद्याचा म्हणून ओळखला जातो. दीडशे वर्षांपूर्वी आजच्या दौंड तालुक्याचा मोठा भाग भीमथडी तालुक्यात मोडत होता आणि सुपेही त्याच तालुक्यात होते. या पट्ट्यात १८७५ ते १८७९ या चार वर्षांत दोन मोठे उठाव झाले, आणि त्या दोहोंच्या मधे, १८७८ मध्ये, हिंदुस्थानभर हत्यारांचा कायदा आला. सामान्य माणसाने शस्त्र बाळगावे की नाही, या वादाचा महाराष्ट्रातला इतिहास इथून सांगायला घेतला की दोन्ही बाजूंची आवडती विधाने लगेच डळमळू लागतात. एक बाजू म्हणते, इंग्रजांनी हत्यारे काढून घेतली म्हणून रयत दुबळी झाली. दुसरी म्हणते, हत्यारे काढून घेतली म्हणून मुलखात शांतता नांदली. पुरावा नीट पाहिला तर वेगळेच दिसते. आपल्याकडे शस्त्रासाठी जी चळवळ झाली ती मुळात सरकारकडून जाब मागणारी होती: कोणाला परवाना नाकारता, का नाकारता, आणि ते कागदावर का देत नाही? या मागणीला धरून राहिली तोवर चळवळीच्या पदरात काही ना काही पडले. बंदुकीलाच हक्क म्हणू लागली तेव्हा ती हरली.

आधी सुपे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे आणि दुकाने फोडली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला आलेला सोन्याचा भाव युद्ध संपताच कोसळला होता, सरकारने शेतसारा वाढवला होता, आणि तेजीच्या दिवसांत सढळ हाताने कर्ज देणारा सावकार आता जमिनीवर टाच आणत होता. हां हां म्हणता दंगा पुणे जिल्ह्यातल्या ११ आणि नगर जिल्ह्यातल्या २२ गावांत पसरला. पुणे जिल्ह्यात ५५९ जणांना पकडले, त्यांतल्या ३०१ जणांना शिक्षा झाली. नगरकडे ३९२ पकडले आणि २०० दोषी ठरले. या दंग्यात काय जळाले ते पाहण्यासारखे आहे. रोखे, खतपत्रे, हिशेबाच्या वह्या. जिथे सावकाराने मुकाट्याने कागद पुढे टाकले तिथे बहुधा त्याच्या अंगाला हात लागला नाही; जीव घेण्याइतपत हल्ले विरळाच. शेतकऱ्याच्या हाती बंदूक असती तर या गोष्टीत फार फरक पडला असता असे मानायला आधार नाही, कारण त्याच्यावर रोखलेले हत्यार कागदाचे होते आणि त्यामागे दिवाणी कोर्ट उभे होते. सरकारलाही हे कळले. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला. या भागातल्या सर्वांत मोठ्या शेतकरी उठावाचे फळ असे दिवाणी कायद्याच्या रूपाने आले.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटनचा हत्यारांचा कायदा सुप्यामुळे झाला असे मात्र म्हणता येत नाही. १८५७ च्या धामधुमीत आणि पुन्हा १८६० मध्ये शस्त्रांवर निर्बंध घालणारे कायदे झालेच होते; १८७८ च्या कायद्याने त्यांना देशभर एकसारखे आणि कायमचे रूप दिले. देशी वर्तमानपत्रांचे तोंड बांधणारा कायदाही लिटननेच त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आणला होता, तेव्हा पुण्यातल्या शिकलेल्या मंडळींना दोन्ही कायदे एकाच हाताचे वाटले यात नवल नाही. नव्या कायद्याने बंदुकीबरोबर तलवार, खंजीर, भाला, इतकेच काय धनुष्यबाणही शस्त्रांच्या यादीत घातले. परवान्यावाचून हत्यार बाळगणे हा गुन्हा झाला. खरी मेख २७ व्या कलमात होती. कोणालाही या कायद्यातून सूट देण्याचा अधिकार त्या कलमाने सरकारला दिला, आणि सूट मिळालेल्यांच्या यादीत युरोपीय आणि अँग्लो-इंडियन सरसकट आले. पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात १८६९ पासून दारूगोळा तयार होत होता. त्या परिसरात राहणारा कोणीही गोरा बिनपरवाना बंदूक खांद्यावर टाकून फिरू शकत होता. पुण्यातल्या नावाजलेल्या वकिलाला, किंवा रानडुकरांपासून ज्वारी राखणाऱ्या भीमथडीच्या कुणब्याला, साहेबाची मर्जी सांभाळावी लागे. परवाने मिळतच नव्हते असे नाही, मिळत होते. पण मिळाला तर कृपा आणि नाकारला तर हुकूम, असा तो कारभार होता.

१ ऑक्टोबर १८७८ पासून कायदा अमलात आला. पाच महिनेही झाले नव्हते तोच, २३ फेब्रुवारी १८७९ रोजी, वासुदेव बळवंत फडक्यांनी शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला दरोडा घातला. लष्करी हिशेब खात्यातला हा कारकून रामोशांची टोळी जमवून सरकारविरुद्ध उभा राहिला होता, आणि पुढच्या मोठ्या उठावासाठी पैसा उभा करणे हा या दरोड्यांचा हेतू होता. म्हणजे ज्या बंडाला हा कायदा रोखणार होता ते बंड त्याच्या नाकासमोर झाले. यावर आक्षेप येतो तो असा की बंदुका नव्हत्या म्हणूनच फडके हरले, तेव्हा कायद्याने आपले काम केले. यात तथ्य आहे, पण थोडे. टोळीपाशी चांगल्या बंदुका असत्या तर काही चकमकी निराळ्या झाल्या असत्या. तरीही फडके हरले ते मुख्यतः इतर कारणांनी. शिकलेला वर्ग त्यांच्यामागे आला नाही. लुटीच्या वाटणीवरून साथीदारांशी पटेना, आणि ही निराशा त्यांनी स्वतःच लिहून ठेवली. मे महिन्यात त्यांचा रामोशी साथीदार दौलतराव नाईक मारला गेला, आणि पाठलागावर असलेल्या मेजर डॅनियलने पाठ सोडली नाही. २० जुलै १८७९ रोजी विजापूरकडच्या देवर नावदगी इथे आजारी फडके पकडले गेले. हत्यारे असली की राज्य टिकते, हा तर्कही याच मुलखाने आधीच खोटा ठरवला होता. तोफा आणि घोडदळ बाळगणारी पेशवाई १८१८ मध्ये बुडाली ती बिनहत्यारी होती म्हणून नव्हे. पुण्यातल्या खटल्यात फडक्यांच्या बाजूने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, उभे राहिले. तलवारीचा मार्ग त्यांच्या सार्वजनिक सभेच्या मंडळींना मान्य नव्हता, पण आरोपीला बचाव मिळाला पाहिजे हे त्यांना पक्के मान्य होते. पुढे हत्यारांच्या कायद्याविरुद्ध जे राजकारण झाले ते याच वळणाने गेले.

त्या राजकारणाचा पहिला मोठा दस्तऐवज म्हणजे १८८७ च्या मद्रास काँग्रेसचा ठराव. त्यावर तरुण बिपिनचंद्र पाल बोलले. पुढच्या वर्षी अलाहाबादला फिरोजशहा मेहतांनी हाच विषय उचलला. आजचे बंदूकप्रेमी या ठरावाचा दाखला देतात खरे, पण तो पुरा वाचत नाहीत. कायदा रद्द करून ज्याला त्याला बंदूक द्या, असे ठरावाने म्हटलेले नाही. राजनिष्ठ प्रजेवर या कायद्याने विनाकारण बट्टा लावला आहे, तेव्हा सर्वांना शस्त्र बाळगू द्यावे, आणि एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला मनाई करायचीच असेल तर तिची कारणे लेखी नोंदवून जाहीर करावीत, अशी ती मागणी होती. मनाई करण्याचा सरकारचा अधिकार ठरावाने मान्य केला. अमान्य केली ती मुकी मनाई. बट्टा या शब्दातली बोच अपमानाची आहे, आणि मवाळांच्या अर्जविनंत्यांना हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की हा अर्ज राज्यकर्त्याच्या मर्जीच्या मुळावरच घाव घालणारा होता.

हीच धार टिळकांच्या राजकारणात पहिल्या महायुद्धाच्या वेळी दिसते. सरकारला शिपाई हवे होते. टिळकांचे म्हणणे असे की हिंदी माणसाला गोऱ्याच्या बरोबरीचा अधिकारी होऊ द्या, मग माणसे मागा. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना मधेच अडवले तेव्हा ते सभा सोडून बाहेर पडले. त्याच सुमारास गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरत होते, आणि अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा हे इंग्रजी राज्याचे सर्वांत काळे कृत्य आहे, असे त्यांनी आपल्या पत्रकात लिहिले. हे वाक्य आज इंटरनेटवर बंदुकीच्या चित्रासह फिरते. ज्या पत्रकातले ते आहे त्याचा हेतू लोकांना पलटणीत भरती करण्याचा होता, घरोघर पिस्तूल पोहोचवण्याचा नव्हता, एवढे त्या चित्राखाली लिहायला हवे. लढाई संपल्यावर १९२० च्या नियमांनी सूट देताना गोरा-काळा भेद करणे सोडले. चळवळीचा हा पहिला विजय, आणि त्याच विजयाने तिच्या शिडातला बराचसा वारा काढून घेतला. अपमान गेला, उरली ती परवान्याची कटकट. कटकटीसाठी माणसे तुरुंगात जात नाहीत.

अपवाद एक, नागपूर. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहाने तापलेल्या या शहरात १९२७ मध्ये मंचेरशा आवारी या पारशी कार्यकर्त्याने हत्यारांच्या कायद्याचा उघड भंग सुरू केला. लोक त्यांना जनरल आवारी म्हणत. स्वयंसेवकांच्या हाती तलवारी देऊन मिरवणुका काढायच्या आणि अटक करून घ्यायची, अशी पद्धत; बंगालमध्ये विनाचौकशी डांबलेल्या राजबंद्यांची सुटका, ही त्यामागची मागणी. शस्त्र हातात घेण्याच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरलेली, खऱ्या अर्थाने तळातून आलेली चळवळ महाराष्ट्रात शोधायची तर ती हीच. गांधीजींनी तिला आपला आशीर्वाद दिला नाही. हातात तलवार घेऊन केलेला कायदेभंग त्यांच्या लेखी सत्याग्रहात बसत नव्हता. आवारींच्या बाजूनेही बोलता येते. कायदा मोडायचा तर त्याने मना केलेलीच वस्तू हातात धरली पाहिजे, मिठाच्या कायद्याच्या बाबतीत पुढे खुद्द गांधीजींनी तेच केले. पण मीठ घराघरात लागते, आणि ते उचलणाऱ्याला पाहून शेजारी घाबरत नाही. तलवारीची मिरवणूक पाहून सरकारइतकाच शेजारीही दचकतो, आणि त्या वर्षांत हिंदू-मुसलमान दंग्यांनी होरपळणाऱ्या नागपुरात तर तो नक्कीच दचकला असणार. चळवळ पसरली नाही याचे कारण मला दडपशाहीपेक्षा इथे दिसते.

तरीही मागणी कागदावर जिवंत राहिली. १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत आहे, आणि दोन्ही ठिकाणी तो नियमांच्या चौकटीत बांधलेला आहे. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामतांनी जवळपास त्याच शब्दांत दुरुस्ती सुचवली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. इंग्रजांनी प्रजेला निःशस्त्र केल्याची चीड त्यांना समजत होती. पण स्वतंत्र देशात आग्रह धरायचा तो राज्याच्या रक्षणासाठी शस्त्र उचलण्याच्या कर्तव्याचा, हक्काचा नव्हे. आणि मूलभूत हक्क म्हणून तो एकदा सर्वांना दिला की चोर-दरोडेखोरांना त्यातून वगळणे अवघड होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. दुरुस्ती फेटाळली गेली. आज मूलभूत हक्कांच्या प्रकरणात एकाच शस्त्राचा नावाने उल्लेख सापडतो, शिखांच्या कृपाणाचा, आणि तोही धर्मस्वातंत्र्याच्या २५ व्या अनुच्छेदात. काँग्रेसने सत्ता येताच आपला शब्द फिरवला, असा आरोप यावरून होतो. तो पुरता खरा नाही. अमेरिकेने १७९१ मध्ये संविधानात घातलेला हक्क काँग्रेसने कधी मागितलाच नव्हता. तिने मागितली होती ती नियमांनी चालणारी वागणूक. आरोप करायचा तर तो असा करावा की १९४८ नंतरही जवळपास चौदा वर्षे लिटनचाच कायदा चालू राहिला.

१९५९ मध्ये नवा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या उद्दिष्टांतच कबुली आहे की जुन्या कायद्याचा जाच सरळमार्गी माणसाला होतो आणि गुंडांच्या हाती मात्र बॉम्बसुद्धा पोहोचतात. तलवारी-भाल्यांसाठी सरसकट परवान्याची अट गेली. सरकार अधिसूचना काढेल त्या भागापुरती ती उरली. १३ व्या कलमाने पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या खऱ्या शेतकऱ्याला परवाना देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक केले. आणि १४ व्या कलमाने सांगितले की परवाना नाकारला तर कारणे लेखी नोंदवावीत आणि अर्जदाराने मागितल्यास ती थोडक्यात त्याला द्यावीत. मद्रासच्या ठरावातली मूळ मागणी ७२ वर्षांनी अशी कायद्यात आली. तिला एक शेपूट जोडलेले आहे: कारण सांगणे सार्वजनिक हिताचे नाही असे अधिकाऱ्याला वाटले तर तो ते देण्याचे टाळू शकतो.

मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर सरकार परवाने आवळू लागले तेव्हा देशात बंदूक-हक्कवाल्यांच्या संघटना उभ्या राहिल्या. त्यांचा सर्वांत लाडका मुद्दा म्हणजे हा कायदा गोऱ्यांचा वारसा आहे. वर दाखवल्याप्रमाणे तो निम्माच खरा आहे. त्यांचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या २०१८ च्या अंदाजानुसार भारतात नागरिकांच्या हाती सुमारे ७ कोटी १० लाख बंदुका आहेत आणि त्यांतल्या नोंदलेल्या ९७ लाखांच्या आसपास. म्हणजे कलेक्टर कचेरीत खेटे घालणारा माणूस नियमांच्या जाळ्यात सापडतो आणि गावठी कट्टा कमरेला लावणारा सुटतो. हे मान्य करूनही त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष निघत नाही. कट्टा चोरवाटेने येतो याचा इलाज कट्टा पकडणे हा आहे. शेजाऱ्याला दुसरी बंदूक दिल्याने पहिली निकामी होत नाही. संसदेने २०१९ मध्ये एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवण्याची मुभा ठेवली तेव्हा या संघटनांनी ओरड केली. सामान्य माणसाचा प्रश्न तिसऱ्या बंदुकीचा कधीच नव्हता.

त्यांचा खरा फायदा झाला तो दुसऱ्याच दाराने. निवडणूक आली की सगळ्या परवानाधारकांनी हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करावीत, असा सरसकट हुकूम निघण्याची रीत होती. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा सरसकटपणा अमान्य केला: प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार करा आणि गरज दिसेल त्याचेच हत्यार जमा करून घ्या. निवडणूक आयोगाने त्यानुसार छाननी समित्यांची पद्धत घालून दिली. कोर्टाने बंदुकीला हक्क म्हटले नाही. एका माणसाविषयीचा निर्णय त्या माणसाकडे पाहून घ्यावा, एवढेच म्हटले.

आता शिरूरकडे पाहू. घोड आणि भीमेच्या काठचा ऊस वाढला तसा बिबट्या उसात राहायला आला. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेडमध्ये बिबट्याने तीन जीव घेतले, त्यांत दोन मुले. लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली, पुणे-नाशिक महामार्ग अडवला. शेतात जाणाऱ्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागल्या. अशा वेळी शेतकऱ्याला बंदूक द्या, अशी मागणी आली तर तिला बंदूकप्रेम म्हणून झटकणे हा शहरी उद्धटपणा झाला. पण बंदुकीचा परवाना मिळाला म्हणून बिबट्या मारण्याची परवानगी मिळत नाही. जीव वाचवताना सद्‌हेतूने मारला तर १९७२ चा वन्यजीव कायदा गुन्हा मानत नाही, हे खरे. पण उसाच्या फडातून मागच्या बाजूने येणारे जनावर ठासणीच्या बंदुकीला वेळच देत नाही. लोकांची तक्रार नीट ऐकली तर ती पिंजरे कमी, माणसे कमी आणि हुकूम उशिरा अशी आहे. हुकमाची तरतूद त्याच कायद्याच्या ११ व्या कलमात आहे: बिबट्या माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकाने कारणे नमूद करून लेखी आदेश द्यायचा, मगच त्याला मारता येते. पिंपरखेडला नेमबाज आले ते अशा आदेशाने. बिबट्याच्या बाबतीत कारण न लिहिण्याची सवलत कायद्याने कोणालाच दिलेली नाही. ठासणीच्या बंदुकीचा अर्ज फेटाळल्यावर कारण विचारायला गेलेल्या शेतकऱ्याला मात्र १४ व्या कलमाचे ते शेपूट आजही दाखवता येते.